श्रावणातली कोळंबी

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी सकाळी माझ्या मुलीला कोळंबीची अ‍ॅलर्जी उठली. आमच्या घरात श्रावणात कोळंबी सोडाच, अंडंसुद्धा येत नाही. त्या दिवशी न्याहारीला आंबोळ्या होत्या आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. मुलगी चौथीत. दोन आंबोळ्या खाऊन तिने तिसरी मागितली आणि म्हणाली, "आई, माझे ओठ जाड झाल्यासारखे वाटतायत." वाटत नव्हते, झालेच होते. मग मानेवर चट्टे उठले, मग खोकला, आणि खोकल्यामागून शिट्टी वाजल्यासारखा श्वास. तो श्वास मी ओळखत होते. ती बालवाडीत असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला कोळंबीभात खाऊन तिचं असंच झालं होतं आणि तेव्हाच आम्हाला कळलं होतं की हिला कोळंबी चालत नाही.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात, म्हणून रविवार असून भेटले. त्यांनी इंजेक्शन दिलं, वाफ दिली, आणि तिचा श्वास जागेवर आल्यावर मला विचारलं, "कोळंबी खाल्ली?"

"श्रावण आहे डॉक्टर."

"तो तुमच्या घरात. हिच्या पोटात कुठून तरी गेलीय." मग म्हणाले, "कुठून गेली ते शोधून काढा. आज लवकर आणलंत म्हणून ठीक. पुढच्या वेळी घसा आतून सुजला, तर रिक्षा मिळेपर्यंतसुद्धा दम निघायचा नाही."

हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, पण मुलीने ते ऐकलं. दवाखान्यात मुलांना काही ऐकू येत नाही असं डॉक्टरांना का वाटतं, मला कळलेलं नाही.

आम्ही घरात तिघी. नवरा बोटीवर असतो, घरी आला की पाहुण्यासारखा चार महिने राहतो आणि जातो. बाकीचा वेळ मी, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर भाट्याचं, खाडीच्या तोंडावरचं. त्यांचं मासळीवर प्रेम आहे असं म्हणणं म्हणजे फारच सौम्य बोलणं झालं. नातीची अ‍ॅलर्जी कळल्यावर त्यांनी ताजी कोळंबी घरात आणणं बंद केलं. त्याबद्दल कुणापाशी कुरकुर केली नाही. पण सुकी कोळंबी, म्हणजे सोडे आणि बारीक जवळा, त्यांच्याने सुटेना. मुलगी शाळेत गेली की कधीमधी त्या सोडे घालून वांगं करायच्या, नाहीतर जवळा भाजून त्याची चटणी वाटायच्या. कढई वेगळी, डाव वेगळा, भांडी घासायची काथ्याची चोथीसुद्धा वेगळी. मला हे माहीत होतं आणि चालतही होतं. एक पाटा मात्र वेगळा नव्हता. तो एकच होता, मागच्या गॅलरीत भिंतीला लावून ठेवलेला. मिक्सरच्या चटणीला चव नसते हे त्यांचं मत आहे, आणि ते खरं असल्यामुळे मी कधी वाद घातला नव्हता.

त्या रविवारची खोबऱ्याची चटणी त्या पाट्यावर वाटलेली होती. आणि त्याच पाट्यावर गटारीला, श्रावण लागायच्या आधीच्या दिवशी, जवळ्याची चटणी वाटली होती.

दवाखान्यातून आल्यावर मी सरळ विचारलं. आडून बोलायची मला सवय नाही.

"मी काय केलाय गो?" सासूबाई म्हणाल्या. "चिंच नि मीठ लावून घासलाय पाटा. उन्हात नाय टाकला, ऊन कुठे हाय? पण गरम पाणी ओतून धुतलाय. आणि श्रावण लागल्यापासून घरात वशाट आलेला नाय. देवाशप्पथ."

मी त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप करत नव्हते. पण पाट्याला टाकी लावलेली असते, त्या बारीक खड्ड्यांत काय बसून राहतं हे देवाला विचारून कळत नाही. मी त्यांना सांगितलं की कुठून आलं हे कळेपर्यंत मुलीचं खाणं मी करीन, नव्या भांड्यात करीन, आणि तुम्ही स्वयंपाकघरात हात लावायचा नाही. त्या "बरा" म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या म्हणून मला जास्त राग आला. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर घर विचित्र झालं. सासूबाई हॉलमध्ये बसून राहायच्या. भाजी निवडून देऊ का असं एकदा त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं, मग परत विचारलं नाही. माझा स्वयंपाक म्हणजे पोट भरण्यापुरता, त्याची वाखाणणी कुणी आजवर केलेली नाही. मुलीला तो जायचा नाही. पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं. ती प्रत्येक घासाआधी माझ्याकडे बघायची. शेजारच्यांनी हळदीकुंकवाला दिलेली साखर हातात धरून उभी राहायची. शाळेत डबा उघडायची आणि तसाच परत आणायची. एक दिवस तिच्या बाईंचा फोन आला की ही पाण्याची बाटलीसुद्धा हुंगून बघते. वजन उतरलेलं मला फ्रॉकच्या कंबरेवर दिसत होतं. सगळ्याला नाही म्हणून भागत नाही, कशाला नाही म्हणायचं ते कळावं लागतं, नाहीतर पोर भीतीनेच सुकते.

आता माझी नोकरी सांगते. एमआयडीसीत एक खासगी लॅब आहे, परदेशी जाणारी मासळी तपासणारी. मी तिथे सॅम्पल तयार करते. त्या वर्षी आमच्याकडे नेमकं हेच काम आलं होतं, की ज्या खाण्यात कोळंबी नाही असं पाकिटावर लिहिलंय त्यात ती खरंच नाही ना, हे कसं ओळखायचं. दैव कधी कधी इतकं उघड वागतं की लिहायलाही संकोच वाटतो. मी सरांना म्हटलं, आपण बाजारातले मसाले तपासतोय, त्यांच्यासोबत एका घरचीही सॅम्पल लावू. कुणाच्या घरची, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आमचे सर कमी बोलतात. ते म्हणाले, "ब्लँक नीट ठेव."

ब्लँक म्हणजे रिकामी ट्यूब. जे जे बाकीच्या ट्यूबांना करायचं ते सगळं तिलाही करायचं, फक्त तिच्यात सॅम्पल घालायचं नाही. शेवटी तिच्यात काही सापडलं, तर ते घरातलं नव्हे, तुम्ही घातलेलं.

शनिवारी दुपारी मी घरातलं गोळा केलं. गोडं तेल, मीठ, मिरची, त्या दिवशीच्या नारळाची उरलेली वाटी जी मी फ्रीजमध्ये जपून ठेवली होती. पाटा आणि वरवंटा ओल्या कापसाने पुसून घेतला, खड्ड्याखड्ड्यांतून. तवा पुसला, उलथनं पुसलं. आंबोळीचं पीठ जवळजवळ सोडूनच देणार होते. ते माझ्या आईकडचं. ती लांज्याच्या बाजूला, आत गावात राहते, आणि दर मे महिन्यात तांदूळ, उडीद, थोडी मेथी घालून जात्याच्या चक्कीवर जाडसर दळून आम्हाला डबाभर देते. तिच्या घरी माळकरी वळण, मासळी शिजत नाही. शिवाय तेच पीठ आम्ही मे-जूनमध्ये खाल्लं होतं, मुलीनेही खाल्लं होतं, आणि काही झालं नव्हतं. यादी पुरी असावी एवढ्यासाठी मी त्यातलं चमचाभर घेतलं.

मी कापूस आणि बाटल्या घेऊन फिरत होते ते सासूबाई हॉलमधून बघत होत्या. सगळं संपल्यावर त्या उठून आल्या आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर उपडे-सुलटे करून धरले.

"हे पण घे."

मी म्हटलं, गरज नाही.

"चटणी मी वाटलेली. घे."

मी घेतलं. बोटांच्या पेरांवरून, नखांच्या कडेने, अंगठ्याखालच्या भेगेतून. त्या हातांनी माझ्या बाळंतपणात मला तेल लावलं होतं. ते मला त्या वेळी आठवलं, आणि तरी मी कापूस नखाखाली नीट फिरवला, कारण अर्धवट घेतलेलं सॅम्पल हे न घेतलेल्यापेक्षा वाईट असतं. ट्यूबवर काय लिहायचं हे मला सुचेना. शेवटी 'हात' लिहिलं.

पुढचं काम हे माझं रोजचं. प्रोटीन ही लांबलचक, गुंडाळून गाठ बसलेली माळ असते. ती अख्खी मशीनला कळत नाही. म्हणून आधी ती युरियात सोडवायची, गाठी धरून ठेवणारे दुवे तोडायचे, ते परत जुळू नयेत म्हणून त्यांची टोकं अंधारात ठेवून बंद करायची. मग त्यात ट्रिप्सिन घालायचं. ट्रिप्सिन हे कापणारं एन्झाइम. ते कुठेही कापत नाही, माळेतल्या ठरावीक दोन जातींच्या मण्यांपुढेच कापतं, म्हणून मला ते आवडतं. रात्रभर अंगाच्या उबेइतक्या उष्णतेवर ठेवलं की सकाळी प्रोटीनचे ठरलेले तुकडे झालेले असतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. आम्लाचा थेंब टाकून कापणं थांबवायचं, तुकडे धुवायचे, वाळवायचे आणि पुण्याला पाठवायचे. तिथलं मशीन एकेका तुकड्याचं वजन करतं, आणि त्या वजनांवरून हा तुकडा कुणाचा ते कळतं. कोळंबीचा, तांदळाचा, नारळाचा, की माणसाचा.

माणसाचा तुकडा नेहमीच सापडतो, ही आमच्या धंद्यातली कटकट आहे. केस, कोंडा, कातडीची धूळ. त्यामुळे मी लॅबमध्ये खाष्ट म्हणून प्रसिद्ध आहे. श्रावणातल्या शुक्रवारी बाकीच्या पोरी गजरे माळून, केस मोकळे सोडून येतात, त्यांना मी दाराबाहेरच टोपी घालायला लावते. माझ्या पाठीमागे त्या मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. घरची सॅम्पल लावली त्या दिवशी तर मी स्वतःलाच चार वेळा हातमोजे बदलायला लावले. पावसाने वीज जात-येत होती. ट्यूबा ठेवलेलं उबवणीचं यंत्र इन्व्हर्टरवर टाकून मी घरी आले.

सासूबाईंनी विचारलं, "झाला?"

"रात्रभर ठेवलंय."

"विरजणासारखा."

विरजणात जिवाणू असतात, यात नसतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते कानाआड केलं. "मग घालतेस काय त्यात?"

"डुकराच्या पोटातून काढलेलं असतं एक. अन्न पचवणारं."

त्यांनी कानाला हात लावले. "श्रावण हाय गो, जेवायच्या आधी सांगू नको असला काय." त्या दिवसांत आमच्या घरात कुणी हसलं असेल तर तेव्हाच, आणि तेही मुलगी हसली. तिला ते डुकराचं फार आवडलं. तिने आजीला विचारलं की डुकराला कळतं का कोळंबी कुठली ते. आजी म्हणाली, तुझ्या आईला कळत नाय तर डुकराला काय कळणार.

पुण्याहून उत्तर यायला वेळ लागला. मशीन एक आणि रांग मोठी. तेवढ्या काळात श्रावण संपत आला. मुलगी तशीच हुंगून हुंगून खात होती, सासूबाई तशाच हॉलमध्ये. नवऱ्याचा कुठल्याशा बंदरातून फोन आला तेव्हा त्याने मला म्हटलं, "तू आईला फारच धारेवर धरलंयस." मी त्याला म्हटलं, तू तिथून बोलू नको, इथे येऊन पोरीचा श्वास ऐक आणि मग बोल.

निकाल आला तो मी सरांच्या टेबलापाशी उभी राहून वाचला. ब्लँक स्वच्छ. ज्या ट्यूबमध्ये मी मुद्दाम सोडे कुटून त्यांची चिमूट घातली होती तिच्यात कोळंबी भरभरून, म्हणजे आमची पद्धत चालत होती. तेल, मीठ, मिरची, नारळ, तवा, काही नाही. पाट्यावर खोबरं, तांदूळ, डाळ, कोळंबी नाही. 'हात' लिहिलेल्या ट्यूबमध्ये फक्त माणसाची कातडी होती. मी ती ओळ परत परत वाचली. तिच्यात आणखी काही लिहिलेलं नव्हतं.

आणि आंबोळीच्या पिठापुढे कोळंबीचा एक तुकडा. एकच.

"एका तुकड्यावर काही बोलता येत नाही," सर म्हणाले.

"माझ्याकडून पडलं असेल," मी म्हटलं. मी तसं कधी म्हणत नाही. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ब्लँक स्वच्छ आहे ना? मग तुझ्याकडून नाही." त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. "आपण शोधायला काय सांगितलं होतं? कोळंबी, शेवंड, खेकडा, माणूस, नारळ आणि धान्यं. तेवढंच शोधलं गेलं. हाच तुकडा दुसऱ्या कुणाचाही असू शकतो. यादी मोठी करून परत शोधू. सगळे सांध्यांच्या पायांचे प्राणी घे."

मशीन परत चालवावं लागलं नाही, जुन्याच वजनांत परत शोधायचं होतं. दुपारपर्यंत उत्तर आलं. कोळंबीचा म्हणून सापडलेला तो तुकडा कोळंबीच्या स्नायूतल्या एका प्रोटीनचा होता, आणि ते प्रोटीन किड्यामकोड्यांतही जवळजवळ तसंच असतं. त्याच्याभोवती आता ओळीने इतर तुकडे उभे होते, आणि ते सगळे एका माइटचे. माइट म्हणजे गोचिडाच्या नात्यातला आठ पायांचा जीव, पण डोळ्यांना न दिसणारा, दमट हवेत साठवलेल्या पिठात वाढणारा. कोकणातल्या पावसाळ्यात त्याला आणखी काय हवं. मेमध्ये पीठ कोरडं होतं, तेव्हा तो नव्हता किंवा नगण्य होता. श्रावणापर्यंत त्याचं गाव वसलं होतं. आम्हा दोघींना त्याने काही झालं नाही. मुलीच्या शरीराने मात्र त्याला कोळंबीच समजून घेतलं. भाजून, शिजवूनही तो ओळखू येण्यासारखा राहतो.

मी घरून पिठाचा डबा आणवला आणि काचेवर चिमूटभर पीठ टाकून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पीठ चालत होतं. म्हणजे युरिया, ट्रिप्सिन, पुण्याची रांग यातलं काहीच न करता शाळेतल्या काचेखालीसुद्धा हे पहिल्या दिवशी दिसलं असतं. पण पहिल्या दिवशी मी ते पीठ काचेखाली धरलं नसतं. मला पाटा दिसत होता. सर म्हणाले, यावरून धडा घे. धडे घ्यायची माझी तेव्हा तयारी नव्हती.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी असं होऊ शकतं म्हणून वाचलं होतं, बघत मात्र पहिल्यांदाच होते. त्यांनी मुलीच्या दंडावर टोचून खात्री करून घेतली. कोळंबी नाही, खेकडा नाही, आणि साठवलेलं जुनं पीठ नाही. बाकी सगळं खा, ते तिला म्हणाले.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसराच विचार चालू होता. हे आईला कसं सांगायचं. ती त्या पिठासाठी तांदूळ धुऊन अंगणात वाळवते, उडीद एकेक करून निवडते, चक्कीवाल्याला आधी दुसऱ्याचं दळण काढून जातं साफ करायला लावते. ती सत्तरीच्या पुढे आहे. तिला कळलं की आपल्या पिठाने नातीचा श्वास कोंडला, तर ती महिनाभर जेवायची नाही. मी शब्द जुळवत होते. आधी हवामानाबद्दल बोलायचं, मग पिठांबद्दल एकूणात, मग हळूच. आणि जुळवता जुळवता मला एकदम भयंकर लाज वाटली. सासूबाईंसाठी मी एकही शब्द जुळवला नव्हता. त्यांना मी दवाखान्यातून आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी विचारलं होतं.

सासूबाई मालिका बघत होत्या. मी म्हटलं, "सापडलं. पिठात होतं."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कुठच्या पिठात?"

"आंबोळीच्या."

ते पीठ कुणाकडचं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मी त्यांना तो जीव, दमट हवा, कोळंबीशी असलेलं त्याचं साधर्म्य, सगळं सांगितलं. त्यांनी या खेपेला नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे पाट्यावर काय नव्हता?"

"काही नाही."

"आणि हातांवर?"

"हातांवर फक्त तुमची कातडी."

"माझ्या हातांवर दुसरा काय असणार," त्या म्हणाल्या, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. मी माफी मागितली. मालिकेत कुणीतरी मोठमोठ्याने रडत होतं, त्यामुळे ती त्यांना ऐकू गेली की नाही ते मला सांगता येणार नाही. मी परत, मोठ्याने मागितली. "ऐकला गो, बहिरी नाय मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. सासूबाईंनी तांदूळ भिजत घालून, वाटून घावन घालायला घेतले होते. पिठाचा प्रश्नच नको. मुलगी पाटावर बसली. आजीने तिच्या ताटलीत घावन टाकला, नारळाचा रस ओतला. मुलीने तुकडा मोडला, बुडवला, तोंडापाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं.

सासूबाईंनी ते बघितलं. मी घाईघाईने म्हटलं, "खा, खा, आजीने केलंय."

"नाय, विचारू दे तिला," सासूबाई तव्याकडे तोंड करून म्हणाल्या. "विचार बाय. आईला विचारूनच खायचा. माझ्या हातचा असला तरी."

मुलीने खाल्लं. दुसरा घास तिने मला न विचारता घेतला, तिसऱ्याला परत बघितलं. ही सवय जायला पुढे बरेच दिवस गेले.

ती खात असतानाच आईचा फोन आला. हात भरलेले होते म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. आईने पोरीची चौकशी केली आणि लगेच म्हणाली, "पीठ सरला आसंल ना गो तुमचा? दुसरा दळून ठेवलाय, उद्याच्या येष्टीनं धाडतंय."

मी तोंड उघडलं. हवामानाबद्दलचं पहिलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. सासूबाईंनी ओल्या हातानेच फोन ओट्यावरून उचलला.

"ताई, मी बोलत्ये. पीठ ना? चांगला झाला होता हो. पोरीने मागून मागून खाल्लान." मग त्यांनी तवा उतरवला आणि गॅस बंद केला. "पण आता पिठा धाडू नका. डॉक्टरांनी तिला जुना पीठ खायचा नाय म्हणून सांगितलान, तिचा अंग तसलाच हाय. तांदूळ धाडा. सुट्टीत ती तिकडे आली की तुम्ही पण तिला ताजाच वाटून घाला. होय हो. नाय, तुमचा काय चुकलेला नाय. तिच्या अंगालाच सोसत नाय, त्याला तुम्ही नि मी काय करणार."

पलीकडून आई काहीतरी बराच वेळ बोलत होती. सासूबाई मध्ये मध्ये "होय, होय" म्हणत होत्या. मग त्यांनी फोन पदराला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"घे. बोल तुझ्या आईशी."

मी फोन घेतला आणि आईला विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे.